बाटलीवरचं तोंड

त्या बाटलीवरचा माणूस म्हणजे लहानूभाऊ नव्हेत, हे मी आधीच सांगून टाकते. चेहरा त्यांचाच आहे. पण मोरपीस खोवलेला फेटा, कपाळावरचा आडवा टिळा आणि गळ्यातली जाड मण्यांची माळ नागपुरात कोणीतरी कॉम्प्युटरवर चिकटवली आहे. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलंय, 'वनवैद्य लहानूबाबांचे करपानाशक'. ती बाटली आठवली की मला अजूनही मळमळतं. मळमळायचा हक्क मला कितपत आहे, तेही पुढे येईलच.

लहानू टेंभुर्णे कोणाचे बाबा नाहीत आणि वैद्य तर मुळीच नाहीत. कुरखेड्याहून आठ-नऊ किलोमीटर आत, जंगलाच्या कडेला बेलटोला नावाचं गाव आहे, तिथे त्यांची धानाची थोडी शेती. वय साठीच्या पुढे. अंग काटक, पांढरा शर्ट, आणि खिशाला पेन. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली चांद्याला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि परत आल्यावर ते सही करायला शिकले. त्यानंतर घरात त्यांची एकच सक्ती होती, बाहेर पडताना खिशाला पेन असलंच पाहिजे. लहानूभाऊ सातवीपर्यंत शिकले. शेणाची पाटी उचलतानासुद्धा त्यांच्या खिशाला पेन असतं.

गावात त्यांना 'नाकवाला' म्हणतात. कारण हा माणूस सगळ्या गोष्टी नाकाने बघतो, आणि जगातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींची त्याला किळस येते. लग्नाच्या पंगतीत पहिल्या भज्याचा वास घेऊन ते पानावरून उठले आहेत, तेल तिसऱ्यांदा तापवलेलं होतं म्हणून. बाजारात मधाची बाटली हुंगून, हा गुळाचा पाक आहे, असं विकणाऱ्याच्या तोंडावर सांगितलं आहे. उदबत्तीच्या दुकानासमोरून जाताना नाकाला रुमाल. लग्नाआधी त्यांनी गिरजाबाईंना पाहिलं नाही, नुसतं हुंगलं, असं गाव अजून चिडवतं. गिरजाबाई हसत नाहीत. चाळीस वर्षं प्रत्येक भांडं दोनदा घासलं आहे त्यांनी, हसायचं कशाला.

या नाकाला वळण लागलं ते रोशाच्या भट्टीवर. रोशा म्हणजे एक उंच गवत, तिकडे त्याला तिखाडीही म्हणतात. पावसाळा सरला की टेकडीच्या उतारावर त्याला तांबूस तुरे येतात. ते कापून, जरा सुकवून, पाण्यासोबत बंद भांड्यात उकळायचं. वाफ नळीतून नाल्याच्या थंड पाण्याखालून न्यायची. दुसऱ्या टोकाला भांड्यात पाणी गोळा होतं आणि त्यावर पिवळसर तेल तरंगतं. वास गुलाबाकडे झुकणारा. पूर्वी ठेकेदार हे तेल काढून अत्तरवाल्यांना पाठवायचे. लहानूभाऊ सोळाव्या वर्षी अशा एका ठेकेदाराकडे गवत कापायला लागले. त्याच दिवशी, त्याच वयाचा, बाजूच्या टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा, कोलूही लागला. कोलू गोंड. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोणत्या उतारावर कधी तुरा येईल हे तो महिनाभर आधी सांगायचा. दोघांनी तीस वर्षं एकमेकांच्या शेजारी विळा चालवला.

त्या गवताची एक गंमत आहे. उतारावर वाढलेलं आणि खाली ओलीत वाढलेलं दिसायला सारखंच असतं, पण खालच्याच्या तेलाला कुबट झाक येते. आळशी मजूर खालचंच कापतात, कारण चढावं लागत नाही. एक भारा खालचा मिसळला तरी सगळा घाणा बिघडतो. भट्टीवर आलेला प्रत्येक भारा लहानू हुंगायचा आणि खालचा असला तर फेकून द्यायचा. त्यापायी त्याने मारही खाल्ला आहे. त्याच्या बाजूने नेहमी एकटा कोलू उभा राहायचा.

पुढे ठेकेदाराने गाशा गुंडाळला. चेपलेलं तांब्याचं भांडं आणि नळी या दोघांनी मागून घेतली, काठीला बांधून खांद्यावरून बेलटोल्यात आणली आणि नाल्याकाठी भट्टी लावली. तेव्हापासून दर हिवाळ्याच्या तोंडाला थोडं तेल निघतं. दोन कॅन. एखाद्या वर्षी अडीच.

हे तेल धानाच्या रोगावर चालतं हा शोध काही विज्ञानाच्या ओढीने लागला नाही. किळस यायची म्हणून लागला. एका वर्षी कापणीत पाऊस आला आणि घरातल्या पोत्यांना बुरशी धरली, पांढरी, हिरवी, बोट लावलं तर धूर उडावा अशी. लहानूभाऊंना जगातला सगळ्यात घाण वास कोणता वाटत असेल तर तो बुरशीचा. ते ओसरीत जेवले, ओसरीत झोपले. पोती बाहेर काढताना दिसलं की कोपऱ्यातली दोन पोती स्वच्छ आहेत, आणि त्यांच्याखाली रोशाचं वाळलेलं गवत अंथरलेलं आहे. पुढच्या वर्षी त्यांनी बियाण्याला तेलाचा हात फिरवला. त्याच्या पुढच्या वर्षी करप्यावर फवारलं.

करपा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. धानाच्या पानावर आधी डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात. आभाळ सतत भरलेलं राहिलं की ते पसरतात, मग लोंबीच्या मानेवर काळं येतं आणि दाणा भरायच्या आधीच मान मोडते. लांबून शेत पिकल्यासारखं दिसतं, हात लावला की सगळं पोकळ. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून लहानूभाऊ ते आधी रिठ्याच्या फेसात घोटायचे. फवारायचं ते ऊन उतरल्यावर, नाहीतर तेल उडून जातं. आठव्या दिवशी परत. मात्रा चुकली तर पान भाजतं. मान मोडल्यावर कोणी तेल मागायला आलं तर ते देत नसत. "मेलेल्याले जित्ता करत नाई माझं तेल," एवढंच म्हणायचे.

आता माझं. मी ज्योत्स्ना, राजुऱ्याची. कोळशाची धूळ हुंगत वाढले, शेतीची पदवी घेतली, आणि शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. पहिल्या भेटीत लहानूभाऊंनी माझ्या हातात दोन काड्या दिल्या आणि कोणती उतारावरची ते विचारलं. मी चुकीची दाखवली. त्यांनी असं तोंड केलं की जणू मीच त्या पोत्यातली बुरशी आहे. तरी दुसऱ्या दिवशी मी परत गेले, म्हणून त्यांनी मला भट्टीवर बसू दिलं.

मी तेलाची छोटी बाटली एका मैत्रिणीच्या कॉलेजात नेली. काचेच्या बशीत करप्याची बुरशी वाढवली, मध्ये तेलाचा थेंब ठेवला. पाच-सहा दिवसांनी बशीभर राखाडी लव पसरली होती आणि थेंबाभोवती बोटभर जागा लख्ख होती. मी तो फोटो दाखवला तेव्हा लहानूभाऊ बराच वेळ बघत राहिले. हा माणूस काहीतरी बघतोय आणि त्याला किळस येत नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग त्यांच्या शेतात चाचणी घेतली. एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यात, तेल, शेजारच्या बांधीत काही नाही. फरक दिसला. चमत्कार नव्हे, पण दिसण्याइतका फरक. संस्थेच्या अहवालाच्या नमुन्यात पाच शेतकऱ्यांच्या पाच ओळी होत्या. मी पाहिलं होतं एक शेत. उरलेल्या चार ओळी मी कार्यालयात बसून, चहा पीत भरल्या. आकडे पहिल्या ओळीच्या जवळपासचेच टाकले, एखादा कमी, एखादा जास्त, खरे वाटावेत असे. खाली सही केली. सगळेच तसं करायचे, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. आता लिहितानाही हात धुवावासा वाटतो.

त्या अहवालाच्या मागोमाग कुलदीपसर आले. हा एका कंपनीचा माणूस, बूट चकचकीत, दर दहा मिनिटांनी सुगंधी ओल्या कागदाने हात पुसणारा. त्या कागदाच्या वासाने लहानूभाऊंना शिंकांची माळच लागली. कुलदीपसरांना व्हिडिओ हवा होता. शर्ट काढून, डोक्याला पानं बांधून लहानूभाऊंनी गवतात उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. लहानूभाऊ एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग शर्टाचं वरचं बटणही लावून घेतलं.

पण पुढची चूक त्यांचीच, आणि ती इकडचाच माणूस करू शकतो. इकडे कोणीही साहेब कागद घेऊन आला की लोक विचारायच्या आधीच दोन पासपोर्ट फोटो आणि आधारची झेरॉक्स पुढे करतात. रेशन, मजुराचं कार्ड, घरकुल, वनहक्काचा दावा, सगळं त्यानेच सुरू होतं. घरोघरी त्यासाठी एक प्लास्टिकची पिशवी खुंटीला लटकवलेली असते. लहानूभाऊंनी ती पिशवी काढली. कुरखेड्याच्या स्टुडिओत काढलेले फोटो होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन. कुलदीपसरांनी फोटो घेतले आणि छापील कागदांचा जाड गठ्ठा सहीसाठी ठेवला.

लहानूभाऊंनी पेन काढलं, पहिलं पान उचललं आणि मला विचारलं, "बाई, वाचू का?"

कुलदीपसर घड्याळ बघत होते. मला त्यांच्याच गाडीने परत जायचं होतं. मी म्हटलं, "काही नाही हो लहानूभाऊ, फॉर्मॅलिटी असते ही. करा सही."

त्यांनी तीन जागी सही केली.

सप्टेंबरात आमच्या कार्यालयात बाटल्यांचं खोकं आलं. मी एक काढली आणि तो फेटा, तो टिळा पाहिला. आधी हसू आलं, मग नाही आलं. दीक्षा घेतलेल्या बापाच्या मुलाच्या कपाळावर टिळा. आणि खिशाचं पेन पुसून टाकलेलं. वनवैद्याला पेन कशाला लागतं, असं त्या चिकटवणाऱ्याला वाटलं असणार. चेहऱ्याखाली बारीक अक्षरांत होतं, 'पाच शेतांवरील चाचणीत सिद्ध', आणि त्याखाली माझी सही, जशीच्या तशी, पदवीसकट.

मी झाकण उघडून वासही घेतला नाही. दोन कॅनात हजारो बाटल्या भरत नाहीत, हा हिशोब तिसरीतलं पोरही करेल. मी केला नाही. बाटली कपाटावर ठेवली आणि मूग गिळून बसले. बेलटोल्यात दुकान नाही, लहानूभाऊंना इतक्यात दिसायची नाही, एवढाच विचार केला मी. लाज वाटावी असा विचार.

त्या वर्षी ऑक्टोबर ढगाळ गेला. महिन्याच्या शेवटी मी भट्टीवर होते. पहिला घाणा चालू होता, गिरजाबाई जाळ सारत होत्या, लहानूभाऊ तरंगलेलं तेल चमच्याने काढून घेत होते. नाल्याच्या वरून कोलू आला. त्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून तो गवत कापायला आला नव्हता. हातात ती बाटली होती. त्याने ती लहानूभाऊंसमोर दगडावर ठेवली आणि बाजूला उकिडवा बसला.

लहानूभाऊंनी बाटली हातात घेतली नाही. वाकून बघितलं. आधी फेटा दिसला असेल, मग टिळा, मग त्याखाली स्वतःचे डोळे. मी बाजूलाच उभी होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं. गिरजाबाई जवळ आल्या, बाटलीकडे बघून नवऱ्याकडे बघितलं आणि पदर नाकाला लावला.

कोलू हळूहळू सांगत गेला. आठवडी बाजारात दुकानात त्याला हे तोंड दिसलं. लहानूने आपलं तेल शेवटी बाटलीत भरलं म्हणून त्याला आनंद झाला. शेजारच्या माणसालाही त्याने दाखवलं, हा माझा सोबती आहे. दुकानदाराने सांगितलं की यात रिठा-बिठा लागत नाही, सरळ पंपाच्या पाण्यात टाकायचं. कोलूचं धान उशिराचं, बारीक, वासाचं, त्याच्या आजोबांपासून चालत आलेलं. बियाणं दुसऱ्या कोणाकडे उरलं नव्हतं, त्याच्याकडे आणि थोडंसं लहानूभाऊंकडे. पानांवर ठिपके दिसताच त्याने फवारलं. आठव्या दिवशी परत फवारलं. आता अर्ध्याहून जास्त लोंब्यांच्या माना मोडल्या होत्या.

"माझंच काई चुकलं असंल," कोलू म्हणाला. "बाटलीवर तुझं तोंड होतं, म्हनून मी इचारलो नाई कोनाले."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. लहानूभाऊंनी झाकण उघडलं, नाकाजवळ नेलं आणि तिथेच वळून भडाभडा ओकले. खरोखर ओकले, सकाळची भाकरसुद्धा. मग नाल्यात तोंड धुतलं, परत आले आणि मला बाटली दिली. "घ्या, हुंगा." मी हुंगलं. घासलेट, आणि त्यावर लिंबाचा वास, दवाखान्याची फरशी पुसतात तसला. रोशाचा मागमूस नव्हता. कोळशात वाढलेल्या माझ्या नाकालाही ते कळलं.

ते उठून थेट कोलूच्या शेतात गेले. मी मागोमाग. करपलेल्या धानाला ओला, कुजका वास असतो, तो बांधावरच आला. लहानूभाऊंनी नाकाला रुमाल लावला नाही. आत शिरून एकेक लोंबी बोटांनी चाचपत राहिले, काळ्या पडलेल्या माना, त्यात दाण्याऐवजी भुसा. बांधीच्या शेवटच्या पट्ट्यात ते थांबले. तिथे पानं करप्याने नव्हे, भाजून तपकिरी झाली होती. मला न विचारताच त्यांनी सांगितलं काय झालं ते. रिठा नसल्याने ते घासलेट पंपात वर तरंगलं. पंप खालून ओढतो. म्हणून सुरुवातीला कोलूने नुसतं पाणी फवारलं, आणि शेवटच्या पट्ट्यावर सगळं जहर. कोलू बांधावर उभा राहून ऐकत होता आणि मान हलवत होता, आपण काय चुकलो ते आता समजलं, अशी. त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं.

मी म्हटलं, आपण तक्रार करू, मी कागद तयार करते. लहानूभाऊंनी माझ्याकडे बघितलंही नाही. गिरजाबाईंनी संध्याकाळी कोलूच्या घरी वासाच्या धानाचं पायलीभर बियाणं पाठवलं, एवढं मला नंतर कळलं.

त्यानंतर भट्टी आठ दिवस बंद राहिली. ऐन हंगामात. टेकडीवर गवत उभं होतं आणि लहानूभाऊ गवत कापायचा विळा पिशवीत घालून बाजार फिरत होते. ज्या ज्या गावात आठवडी बाजार, त्या त्या गावात एसटीने नाहीतर कोणाच्या गाडीवर मागे बसून. शेतीऔषधांच्या दुकानात शिरायचे, ती बाटली मागायचे, सगळ्या बाटल्या मागायचे. दुकानदार खूश. मग ते खाली बैठक मारायचे, एक बाटली मांडीत घ्यायचे आणि विळ्याच्या टोकाने चेहऱ्याचा कागद खरवडून काढायचे. पुढची बाटली. दुकानदार धावून आला की शांतपणे सांगायचे, "माल तुमचा हाये, ठेवा. तोंड माझं हाये, मी नेऊन राह्यलो."

हे मला त्या दुकानदारांनीच सांगितलं. एकाने बखोट धरलं. दुसऱ्याने पोलिसांची धमकी दिली, तेव्हा लहानूभाऊंनी आधारची झेरॉक्स काढून बाटलीशेजारी ठेवली आणि ताडून बघायला सांगितलं. बहुतेकांनी मुकाट करू दिलं. एका दुकानात बघ्यांची गर्दी जमली, मोबाइलवर चित्रीकरण झालं, कोणीतरी त्याला गाणंही जोडलं. लोकांना त्यात मजा वाटली. मला त्या मजेचीही शिसारी आली.

कुलदीपसरांचा मला फोन आला. त्यांना वाईट वाटलं होतं. इतक्या मोठ्या पातळीवर नेलं आणि माणूस असा उलटला, गावच्या लोकांसाठी काही करायची सोयच नाही, वगैरे. मी तेलाबद्दल विचारलं. ते म्हणाले, सुगंध तर टाकला आहे ना, आणि शेतकरी शेवटी चेहरा बघून घेतो, औषध बघून नाही. पुढच्या हंगामात चेहरा बदलू, एखादी म्हातारी चांगली दिसेल. बदललाही त्यांनी. आता त्या बाटलीवर कोणी म्हातारी आहे, कपाळभर कुंकू लावलेली. तिला विचारलं असेल की तिचेही दोन फोटो पिशवीतून निघाले असतील, कोण जाणे.

नवव्या दिवशी, दुपारी, लहानूभाऊ आमच्या कार्यालयात आले. शर्ट मळलेला, बोटांना कागदाचा चिकट लगदा. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांची नजर कपाटावर गेली. ती बाटली मी तिथून हलवली नव्हती, का ते माझं मलाच माहीत नाही.

त्यांनी ती खाली घेतली, माझ्या टेबलावर उभी केली आणि विळा काढला. फेटा गेला, टिळा गेला, डोळे, नाक, माळ. चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग राहिला. त्याखालची हिरवी अक्षरंही त्यांनी काढली. मग थांबले.

"तोंड माझं होतं, ते मी काढलो," ते म्हणाले. "खाली सही तुमची हाये, बाई. ते तुमची तुम्ही काढा."

विळा त्यांनी टेबलावर ठेवला, मूठ माझ्याकडे करून. मग बाहेर जाऊन पायरीवर बसले. गवत कापायचं राहिलं होतं, विळा त्यांना परत न्यायचा होता.

मी खरवडायला घेतलं. कागद वाटतो तितक्या सहज निघत नाही, नखात जातो. बाटली कलंडली, झाकण सैल होतं, आणि ते घासलेट आणि लिंबू माझ्या हातावर आलं. सही निघाली. पण ती छापलेली सही होती. खरी सही समोरच्या कपाटात होती, फायलीत, पाच ओळींच्या खाली. मी फाइल काढली. चार ओळींवर एकेक रेघ मारली आणि प्रत्येकीसमोर लिहिलं, 'हे शेत मी पाहिलेले नाही'. पहिल्या ओळीसमोर लिहिलं की वापरलेलं तेल लहानू टेंभुर्णे यांनी स्वतः काढलेलं होतं, आणि बाटलीत जे विकलं जातंय ते तेल नव्हे. खाली तारीख घातली आणि नव्याने सही केली. नोकरी जाणार हे मला माहीत होतं आणि ती पुढे गेलीही. त्याचं कौतुक कोणी करू नये. कोलूचं धान आधीच गेलं होतं.

विळा आणि कागद घेऊन मी पायरीवर गेले. लहानूभाऊंनी विळा पिशवीत टाकला. कागद मात्र दोन्ही हातांनी धरला. माझ्या हाताचा वास आला असणार, कारण त्यांचं नाक आक्रसलं, पण ते उठले नाहीत. ओळीखाली बोट धरून त्यांनी वाचायला सुरुवात केली. छापील मजकूर, माझं अक्षर, रेघा मारलेली नावं, तारीख. एक ओळ कळली नाही म्हणून परत वरून वाचली. मी उभी राहिले. या वेळी कोणाची गाडी खोळंबली नव्हती.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"याच्या दोन झेरॉक्स द्या," ते म्हणाले. "एक माझी. एक कोलूची."

कोलूला वाचता येत नाही, हे माझ्या तोंडून निघून गेलं.

"मले येते ना," लहानूभाऊ म्हणाले. "मी त्याले वाचून दाखवतो. सगळं."